माणिकरावांची मनाली

३ ऑगस्ट, रविवार

माणिकरावांनी घरी बोलावलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझी आठवण झाली. त्यांच्या जिनिंगच्या भिंतीवर मी पुरुषभर उंचीची अक्षरं काढली होती, भर एप्रिलमध्ये, शिडीवर उभा राहून. पुढं त्याच भिंतीवर त्यांनी बन्सीधरच्या मशीनवर छापलेला फ्लेक्स ठोकला. फ्लेक्सवर 'हार्दीक' लिहिलंय, दी दीर्घ. तमाम मानवत गाव त्याखालून ये-जा करतं आणि एकाच्याही डोळ्यात खुपत नाही. अशा गावात मी चाळीस वर्षं शुद्ध अक्षर काढत बसलो, ही माझी अक्कल.

काम असं आहे. जानेवारीत हे कुटुंब मनालीला जाऊन आलं. आता भाद्रपदात घरच्या महालक्ष्म्यांपुढं मनालीचाच देखावा पाहिजे. डोंगर, झाडं, बर्फ, आणि बर्फात घरातली सगळी माणसं, चार-चार बोटं उंचीची, रंगवलेली. अर्पितानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, मोबाइलवर फोटो दाखवले. तीनशे फोटोंत एक डोंगर नीट दिसत नाही, जिकडं तिकडं यांचीच तोंडं. भाड्याचे कोट, भाड्याचे गमबूट, आणि त्या कोटात न मावणारं माणिकरावांचं पोट. बर्फात एकूण दोन तास होते म्हणे. त्या दोन तासांसाठी मी महिना घालवायचा.

"काका, फ्लेक्स पण लावता आला असता," अर्पिता म्हणाली, "पण तो सगळ्यांकडंच असतो. मला हातानं केलेलं पाहिजे. महिला मंडळाची स्पर्धा आहे यंदा. परीक्षक परभणीहून येणार आहेत."

माणिकराव पान चघळत म्हणाले, "जमंल ना पेंटर? का इसरलात ब्रश धरायचं?" हे त्यांनी हसत विचारलं, म्हणून मी पण हसलो.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडं कुठं बोलता येत नाही. पाडव्यापासून माझा उजवा हात थरथरतो. लिहिताना चालतं, पेनाला टेकायला कागद असतो. ब्रशला मात्र अधांतरी राहावं लागतं. चंदाला हे माहीत नाही, आणि तिला असल्या गोष्टी कळतही नाहीत. बशीतून चहा सांडायला लागला तेव्हा मी तिला सांगितलं की बशीतून पिणं अडाणीपणाचं दिसतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं मुकाट्यानं ग्लासात द्यायला सुरुवात केली. बायको साधी असण्याचे काही फायदे असतात.

तर हे शेवटचं. देखावा जमला तर मी अजून पेंटर आहे. नाही जमला तर सगळे ब्रश पाणी तापवायच्या बंबात घालणार, आणि त्या दिवशी अंघोळ करून मोकळा होणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

डोंगर केले. मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, फाटकी बारदानं आणली, तारेच्या जाळीवर पसरली, प्लास्टरच्या पाण्यात भिजवून वाळत घातली. बारदान वाळलं की त्याला आपोआप दऱ्या पडतात. या कामाला थरथरता हात चालतो, उलट बरा पडतो.

जाळी देणारा दुकानदार विचारत होता, "कोंबड्यासाठी का?" मी म्हणालो, "हिमालयासाठी." तो हो का म्हणून गिऱ्हाइकाकडं वळला. या गावात हिमालय नेला काय आणि कोंबड्या नेल्या काय, सारखंच.

९ ऑगस्ट, शनिवार

बर्फाचं अडलंय. सगळ्यात सोपा कापूस. पण माणिकराव ऐकेनात. "कापूस नको बा. सालभर तेच बघतो मी. लोक म्हणतील, माणिकरावनं घरची गाठ फोडून टाकली." ज्याच्या सात पिढ्या कापसावर जगल्या, त्याला सणाच्या दिवशी कापूस नको.

थर्माकोलचे मणी आणले तर पंखा लावताच सगळी मनाली माझ्या केसात. मग बारीक मीठ टाकून बघितलं. काल संध्याकाळी एवढं सुरेख दिसत होतं की मी दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. आज सकाळी मिठाला पाणी सुटलेलं, डोंगरावरून ओघळ, खाली डबकं. पावसाळी हवेत मीठ, हे चौथीतल्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

रवा टाकला होता. मुंग्या आल्या. मनालीत मुंग्यांची रांग, डोंगर चढून पलीकडं उतरायलेली. अर्पिताला दाखवलं असतं तर म्हणाली असती, सो क्यूट.

चंदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, शिरगोळ्याची रांगोळी टाकून बघा की. चमकती बी, अन् पाझरत बी न्हाई."

मी म्हणालो, "तू भाकरीकडं बघ." बायका उंबऱ्यापुढं दोन ठिपके टाकतात आणि त्यांना वाटतं चित्रकला झाली. ही रोज सकाळी अंगणात अर्धा तास वाया घालवते. बारीक बारीक वेली काढते, दुपारपर्यंत त्यावरून शेळ्या गेलेल्या असतात. रेघ बरी आहे तिची, पण शेवटी बाईची रेघ.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी दात घासताना एक नामी युक्ती सुचली. शिरगोळ्याची रांगोळी! दगडाचं पीठ, त्याला पाणी सुटत नाही, मुंगी लागत नाही, आणि उजेडात कण कण चमकतो. डोंगराला खळ लावली आणि चाळणीनं वरून रांगोळी सोडली. बर्फ, हुबेहूब बर्फ. मी मनाली बघितलेली नाही, पण त्या तीनशे फोटोंपेक्षा माझा बर्फ बरा आहे.

चंदाला युक्ती सांगितली. ती म्हणाली, "लय भारी सुचलं तुमाला." साधी बाई आहे, कशाचंही कौतुक करते.

१७ ऑगस्ट, रविवार

बाहुल्या झाल्या. एकवीस. तारेचा सांगाडा, त्यावर शाडू. माणिकराव कमरेवर हात ठेवून, अर्पिता मोबाइल समोर धरून, तिचा नवरा बर्फावरच्या घसरगाडीवर आणि ती ओढणारा तिकडचा माणूस. त्या ओढणाऱ्याचं तोंड सगळ्यात चांगलं झालंय, कारण फोटोंत एकटा तोच कॅमेऱ्याकडं बघत नव्हता.

बघायला माणिकराव आले. पहिलं बोलले ते हे, "पेंटर, पोट जरा कमी करा." मी म्हणालो, करतो. शाडू ओली होती, अंगठ्यानं दाबून कमी केलं. डॉक्टरला जे जमलं नाही ते मी केलं.

तेवढ्यात त्यांच्या मातोश्रींचा, तानुबाईंचा निरोप आला. वय चौऱ्यांशी. त्या मनालीला गेल्या नव्हत्या, नेलंच नव्हतं कुणी. तरी निरोप असा की, "मला बी बसवा मदी." मग बाविसावी बाहुली केली, नऊवारीत, डोक्यावर पदर, बर्फात. हसू येतं बघून. पण तिला शाल मी मनानं घातली, थंडी वाजेल म्हणून.

आता रंग. तेलरंग वापरत नाही, चेहरा चमकतो, तोंडाला तेल लावल्यासारखं दिसतं. पाण्यातला रंग वापरणार. कोट, टोप्या, बूट मोठ्या ब्रशनं उरकतील. राहतील ते डोळे. एवढुशा तोंडावर डोळा म्हणजे तिळाएवढा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज डोळ्यांना बसलो. लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

पहिला माणिकरावांचा घेतला. श्वास धरला, करंगळी टेकवली, ब्रश खाली नेला. हात गेला भलतीकडं. डावा डोळा गालावर. पुसला, परत काढला, परत गालावर. अर्पिताची पापणी कानाला भिडली. चार बाहुल्या करून बसलो, चारही लकवा मारल्यासारख्या. खिडकीतून बघणारं कुणी नाही ना, हे दोनदा बघितलं. मग बाहुल्या फळीवर ठेवल्या, वरून फडकं टाकलं, आणि जेवून झोपलो. झोप कसली, डोळे मिटून पडलो. कधी लागली कळलं नाही.

चार वाजता उठून मोंढ्यात चहाला गेलो. तिथं बन्सीधर भेटला. विचारत होता, "काय आश्रुबा, छोटी छोटी तोंडं जमायलेत का?" मी म्हणालो, "तुझ्या मशीनला दी ऱ्हस्व काढता आली की मग बोलू."

२० ऑगस्ट, बुधवार

सकाळी फडकं काढलं. डोळे जागेवर होते.

चारही. माणिकराव सरळ समोर बघत होते, थोडे घमेंडीनं, जसे बघतात तसे. अर्पिता मोबाइलकडं. मी बाहुल्या खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून बघितल्या. चूक काढायला जागा नाही.

विचार केला तेव्हा कळलं. ओला रंग फसवतो. ओला असताना रेघ पसरलेली दिसते, वाळला की आकसून मुळात जिथं टेकवली तिथं येते. आणि मी काल घाबरलो होतो, घाबरलेल्या माणसाला सगळंच वाकडं दिसतं. हात मनात थरथरतो, कामात थरथरत नाही. चाळीस वर्षांचा हात असा दगा देईल होय.

आणखी एक. वरच्या पापणीचं टोक जरासं वर उचललं गेलंय. हे मी आधी कधी करत नव्हतो. या वयात हात स्वतःहून नवं काही शिकतो, हा हुनर म्हणतात तो. बन्सीधरनं शंभर मशिनी आणल्या तरी हे यायचं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

पद्धत बसली. सकाळी डोळे काढायचे, वाकडे दिसले तरी बघत बसायचं नाही, फडकं टाकायचं, दुपारी झोपायचं. उठेपर्यंत बसलेले असतात. तेरा झाले.

चंदाचं घरात लक्ष नाही. सणाचा दिवस आणि भाजी खालून करपलेली. विचारलं तर म्हणे, "ध्यान गेलं जरा." कशाकडं गेलं, दुपारी घरात असतं कोण. आणि नखाला निळा रंग लागलेला. अर्पिताच्या टोपीचा निळा, मी ओळखला. बाटल्यांना हात लावू नको म्हणून बजावलं. "फळी पुसताना लागला आसंल," म्हणाली. आयुष्यभर रंगाच्या घरात राहिली, रंगाची किंमत कळली नाही. लग्न झालं तेव्हा मी पाट्यांच्या कडा काढायचो आणि ही आत रंग भरायची. भरून घेण्यापुरतं ठीक होतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

बावीस पूर्ण. तानुबाईंची सगळ्यात शेवटी केली. तिचे डोळे तर असे उतरलेत की म्हातारी आता बोलेल. थोडे ओले वाटतात. नेलं नव्हतं त्याचं दुःख मी नेमकं पकडलं.

बन्सीधर घरी आला होता, बघायला म्हणून. बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "आश्रुबा, खरं सांगतो, मला वाटलं होतं तुमचं संपलं." मी त्याला चहा पाजला. शत्रूच्या तोंडून ऐकायला इतकं गोड लागतं, हे माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी शिट्टी वाजवत ब्रश धुतले. चंदा दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, "काय बघतीस?" काही नाही म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

३१ ऑगस्ट, रविवार

आज महालक्ष्म्या आल्या. देखावा कालच माणिकरावांच्या दिवाणखान्यात नेऊन मांडला, मूर्तींच्या पायाशी, सहा फूट बाय चार. वरून रांगोळी चाळली, दिवे लावले. माणिकराव आपल्या बाहुलीपुढं उकिडवे बसले आणि हलेनात. माणसाला स्वतःच्या तोंडाचं किती कौतुक असतं, ते बघायचं तर अशा वेळी बघावं. अर्पितानं चाळीस फोटो काढले. मनालीचे फोटो पुरले नव्हते, आता मनालीच्या देखाव्याचे.

उद्या पूजन आणि जेवणं. दुपारनंतर हळदीकुंकू. परीक्षक सहा वाजता.

१ सप्टेंबर, सोमवार

जमेल तसं लिहितो.

साडेचारला फोन आला. अर्पिता रडत होती. "काका, लगेच या, रंग घेऊन या." मी पेटी उचलली. चंदा हळदीकुंकवाला निघालीच होती, ती रांगोळीचा डबा काखोटीला मारून मागोमाग आली. मी म्हणालो, "डबा कशाला?" ती म्हणाली, "लागला तर."

दिवाणखान्यात शिरलो आणि मला मनाली सापडेना. जेजुरी झाली होती. डोंगरावर हळद, दरीत हळद, झाडांच्या बुडाशी कुंकवाची बोटं, आणि मधोमध एवढा लाल सडा, की बर्फात कुणी बकरं कापलंय असं वाटावं.

झालं ते असं. तीन वाजता तानुबाई काठी टेकत स्वतःची बाहुली बघायला आल्या. नजर अधू. वाकून बोटाच्या चिमटीत बर्फ घेतला, चोळला. आणि म्हणाल्या, "आगं, ही तर रांगोळी हाय. महालक्ष्म्या घरात बसल्यात अन् पांढरी रांगोळी उघडीच? घरात काय सुतक हाय का?"

अर्पिता म्हणाली, "आजी, तो बर्फ आहे."

"कशाचा बरफ. साठ वर्सं अंगणात काढली म्या, मला रांगोळी कळंना व्हय." असं म्हणून त्यांनी ताटातली चिमूट उचलली आणि हळद-कुंकू वाहून नमस्कार केला. सासूबाईंच्या सासूबाईंनी वाहिलं म्हटल्यावर पुढं येणारी एक बाई थांबेना. गल्लीतल्या, मोंढ्यातल्या, पाथरी रोडच्या, जी येईल ती ओटी घ्यायच्या आधी मनालीला हळद-कुंकू. पन्नासएक बाया. शेवटी कुणाच्या तरी हातून कुंकवाचा करंडाच पालथा झाला. आणि मग शहाण्या अर्पितानं काय केलं, तर बाहुल्यांची तोंडं ओल्या फडक्यानं पुसली. कुंकू गेलं, डोळेही गेले. माणिकराव, अर्पिता, नवरा, तानुबाई आणि आणखी एक, पाच जण कोऱ्या तोंडानं उभे.

मी दात ओठ खात होतो. हिमालय करून दिला आणि या बायांना त्यात अंगण दिसलं. रांगोळी म्हणजे हळद-कुंकू, यापलीकडं डोकं चालत नाही. पण आता लिहिताना कळतं, की चूक त्यांची नव्हती. इथल्या बाईपुढं सणाच्या दिवशी पांढरी रांगोळी पसरून ठेवायची आणि तिला बर्फ समज म्हणायचं, हा माझाच गाढवपणा.

चंदानं आल्या आल्या चाळणी घेतली. बर्फाचं तिनं दहा मिनिटांत भागवलं, नवा थर टाकला. राहिले डोळे. घड्याळात पाच वाजून गेलेले. मी म्हणालो, बाहुल्या घरी नेतो. माणिकराव म्हणाले, "घरी कशाला, हितंच काढा की. पाच मिन्टाचं तर काम."

मागं पन्नास बाया, दारात जेवायला आलेली गडीमाणसं, त्यात बन्सीधर. मी बसलो. करंगळी टेकवली. श्वास धरला. माणिकरावांच्या डोळ्यापासून कानापर्यंत काळी रेघ गेली. पुसली, परत काढली. या वेळी नाकावरून.

कुणीतरी खुदकन हसलं. माणिकराव म्हणाले, "पेंटर, हात लटपटायलाय की तुमचा." हे मात्र त्यांनी हसत म्हटलं नाही, हलक्या आवाजात म्हटलं, आणि ते जास्त लागलं. मला मान वर करता येईना. मनात एकच होतं, बंब.

तेवढ्यात चंदा शेजारी येऊन बसली. "आवो, सरका थोडं," म्हणाली, आणि माझ्या बोटांतून ब्रश काढून घेतला. मी तो सोडत नव्हतो, तिनं एक एक बोट उघडलं. फडक्याच्या टोकानं रेघ टिपली. करंगळी बाहुलीच्या छातीवर टेकवली आणि वरची पापणी एका दमात ओढली. टोकाला जराशी वर उचलली, वेलीचं टोक उचलतात तशी.

मी ते टोक बघितलं. मग बर्फातल्या बाकीच्या बाहुल्यांकडं बघितलं, न पुसलेल्या सतरा. सगळ्यांच्या पापण्यांची टोकं वर होती.

पहिल्यांदा मला तिचा राग आला, एवढा की ब्रश हिसकावून घ्यावा वाटला. मग माझाच आला. मग लाज वाटली. तिथं पन्नास माणसांत मी बसून होतो आणि पाच जणांचे डोळे एकामागून एक उघडत गेले. तानुबाईंचे काढून झाले तेव्हा म्हातारी तिच्या खांद्याला धरून म्हणाली, "बाई, हात हाय का काय तुजा." चंदानं ब्रश धुऊन मला परत दिला. मी तो खिशात ठेवला.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा नंबर आला. पहिला कुणाचा, तर बॅटरीवर फिरणाऱ्या चांद्रयानाचा. बाजारात तयार मिळतं. परीक्षकांनी निदान एकदा वाकून तरी बघायचं होतं.

आज सकाळी मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी बशी सोडली तवाच."

"मग सांगितलं का नाहीस? पंधरा दिवस मला येड्यात काढलंस. मी ओल्या रंगाचं तत्त्वज्ञान सांगत बसलो आणि तू हं हं करत होतीस."

"काय सांगू. रोज फडकं काढून तुमी बाहुल्याकडं बघायचात अन् तोंड उजळायचं तुमचं. शिट्टी मारायलात त्या दिवशी. किती साल झाले शिट्टी मारली न्हवती तुमी, ध्यानात तरी हाय का?" मग गव्हातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "अन् खरं सांगू का, मला बी करू वाटायलतं. निस्तं भरायलाच दिलं तुमी मला. कड काढू दिली न्हाई कदी."

चाळीस वर्षं गावाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत हिंडलो. घरात रोज सकाळी कोण कसली रेघ काढतं, हे बघायला मला सवड झाली नाही. गावाला आंधळं म्हणत होतो, त्यात मला मोजायचं राहून गेलं.

संध्याकाळी तिनं चहा दिला, ग्लासात. मी बशी मागितली. निम्मा सांडला. तिनं पुसून घेतला, आणि उरलेला मी बशीतूनच प्यालो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ब्रश बंबात घालायचे ठरले होते. काल सगळे बाहेर काढले, मोजले, आणि बघत बसलो. मला नको झालेत म्हणून जाळायचे, तर ते एकट्या माझे आहेत कुठं. धुऊन परत डब्यात ठेवले. आता मी रंग कालवायला बसणार आहे. कालवायला थरथरता हात चालतो.

आज सकाळी नऊच्या सुमाराला ताडकळसचा एक माणूस मोटरसायकलवर आला. गोपाळ नाव सांगितलं. अंगणात गाडी लावली ती नेमकी रांगोळीवर, तेवढंही बघायची पद्धत नाही. तानुबाई त्याच्या आत्याच्या सासूबाई, हळदीकुंकवाला त्याची बायको होती. त्यांच्या देवळातल्या देवीच्या मुखवट्याचे डोळे उडालेत. नवरात्राच्या आत काढून पाहिजेत.

मी दारात बसलो होतो. त्यानं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "पेंटर हायत का घरी?"

मी म्हणालो, "हायत. आत भाकऱ्या करायल्यात. बसा."